मुलांचे चित्रपुस्तक : आधी कान, मग छापखाना

आमचा धंदा कापडाचा. पुस्तकांशी संबंध चोपडीपुरता. तरीही चार वर्षांपूर्वी आम्ही एक धाडस केले. नातवंडांसाठी जुळवलेली गाणी कागदावर उतरवली, चित्रे काढून घेतली आणि सोळा पानी पुस्तकाच्या एक हजार प्रती छापल्या. ईदच्या गिऱ्हाइकीत त्या सहज खपतील, असा हिशेब होता. सहाशेहून अधिक प्रती पोटमाळ्यावर पडून राहिल्या. आपल्यापैकी जे बांधव या कामात उतरू पाहतात त्यांचे तरी नुकसान टळावे, म्हणून हे लिहीत आहोत.

चूक चित्रांची नव्हती, कागदाचीही नव्हती. चूक वजनाची होती. आम्ही उर्दू माध्यमात शिकलो, इस्माईल मेरठी (१८४४-१९१७) यांच्या कविता तोंडपाठ केल्या. काफिया जुळला की कविता झाली, असा आमचा समज. पण त्या कविता मुलांच्या तोंडी बसल्या त्या ओळींचा ठेका सांभाळल्यामुळे. आमच्या ओळी आम्ही वाचल्या की ठेक्यात बसत, कारण चाल आमच्या डोक्यात होती. बालवाडीच्या बाई तिसऱ्याच ओळीला अडखळल्या आणि मुले चुळबुळ करू लागली. आपल्या गजाने मोजलेले कापड नेहमीच पुरे भरते. खरे माप गिऱ्हाइकाच्या गजाने कळते.

आणखी दोन चुका झाल्या. ‘भाकरी’ला ‘चाकरी’ जुळवली. तीन वर्षांच्या मुलाला चाकरी काय कळणार? आणि ओळीत काळी शेळी, तर चित्रातही नुसती काळी शेळी. मग चित्राने वेगळे काय सांगितले? अमेरिकेतील डॉ. स्यूस यांचे १९६० चे ‘ग्रीन एग्ज अँड हॅम’ हे यमकातले पुस्तक अवघ्या ५० निरनिराळ्या शब्दांत लिहिलेले आहे. शब्द थोडे असले तरी भागते; पण ते मुलाच्या ओळखीचे हवेत.

दुसऱ्या खेपेस आम्ही छापखान्यात गेलोच नाही. साधे कागद दुमडून कच्चे पुस्तक केले. ते शेजारच्या आयांना, बालवाडीच्या बाईंना, दुकानातल्या शिलाई कारागिराला मोठ्याने वाचायला दिले आणि स्वतः गप्प बसलो. जिथे वाचणाऱ्याची जीभ अडली तिथे पेन्सिलीची खूण केली. दोन महिने हेच चालले. यमकाचा शेवटचा शब्द पुढच्या पानावर ठेवला, तेव्हा पान उलटण्याआधीच मुले तो ओरडून सांगू लागली. मग ३०० प्रती छापल्या. त्या संपल्या, आणि बालवाडीने पुन्हा मागणी केली.

आता व्यवहाराच्या गोष्टी. मधोमध पिना मारायच्या असतील तर पानांची संख्या चारच्या पटीत ठेवावी. चित्रकाराशी मोबदला आणि हक्क यांचा लेखी करार करावा. तोंडी बोलीवर विसंबू नये. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. मुलांच्या चित्रपुस्तकांच्या विक्रीवर जीएसटी नाही. पण म्हणूनच कागद-छपाईवर भरलेला कर वजा मिळत नाही, तो खर्चात धरावा.

स्वतः लिहिणे जमत नसेल तर ‘प्रथम बुक्स’ या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’मध्ये मराठी आणि उर्दू चित्रकथा आहेत. लेखक-चित्रकारांची नावे देऊन त्या छापता येतात. मात्र यमकाचा तर्जुमा शब्दाला शब्द ठेवून होत नाही. अर्थ घ्यावा आणि ठेका आपल्या भाषेत नव्याने बांधावा.

पोटमाळ्यावरच्या प्रती आम्ही रद्दीत घातलेल्या नाहीत. कोणी सल्ला विचारायला आले की एक प्रत त्याच्या हाती देतो आणि मोठ्याने वाचायला सांगतो. तिसऱ्या ओळीला तो थांबतो. मग आम्हाला फारसे काही सांगावे लागत नाही.