खोडकिड्याच्या मागावर

सकाळी 6. ऑगस्ट सरत आलाय. रोह्याकडची हळवी भातं पोटरीत आहेत, पेणकडच्या गरव्या खाचरांत अजून फुटवे येताहेत. बांधावरून जाताना पातीवरून एक पिवळं पाखरू उडतं आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा बसतं. पुढच्या दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका. पिवळ्या खोडकिड्याची मादी.

7. पातींचे शेंडे तपासायचे. मादी तिथेच पुंजक्याने अंडी घालते आणि अंगावरच्या पिवळट केसांनी झाकून टाकते. दिसेल तो पुंजका शेंड्यासकट तोडायचा. लावणीआधी रोपांचे शेंडे खुडले, तर बरीच अंडी खाचरात येतच नाहीत.

9. आता सुकलेले गाभे. मधली सुरळी ओढली की अलगद हातात येते. खोड उभं चिरलं की आत अळी. पोटरीनंतर ती शिरली तर अख्खी लोंबी पांढरी पडते, दाणा भरत नाही. यालाच पळींज म्हणतात. ती बघताना वर्षभराची मेहनत डोळ्यांपुढे येते. अळी एकदा आत गेली की वरून मारलेलं औषध तिला क्वचितच गाठतं, मरतात ते कोळी आणि चतुर, म्हणजे आपलेच राखणदार. म्हणून 100 फुटव्यांत 5 सुकलेले दिसेपर्यंत पंपाला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

 

दुपारी जेवण, थोडी पाठ टेकणं.

4.30. ऊन उतरलं की ट्रायकोकार्डं पातींच्या खालच्या बाजूला टाचायची. त्यातून निघणारी इवलीशी गांधीलमाशी खोडकिड्याच्या अंड्यातच आपलं अंडं घालते. हेक्टरी अशा 50,000 माश्या, लावणीनंतर महिन्याभराने सुरुवात करून तीन-चार वेळा.

7.30. अंधार पडला की पाखरं उडू लागतात. कामगंध सापळ्यात फक्त नर अडकतात. त्यांची संख्या वाढली की उद्या शेंडे जास्त बारकाईने बघायचे.

कुंडलिकेच्या कालव्यावर उन्हाळी भात होतं तिथे या किडीला वर्षातून दोनदा खाद्य मिळतं, आणि मधल्या काळात अळी धसकटात दडून राहते. तेव्हा शेतकरी बंधू-भगिनींनो, यंदा कापणी जमिनीलगत करा आणि वाल पेरण्याआधी धसकटं नांगरून काढा. एकट्याने केलं तर शेजारच्या खाचरातून पाखरं येतीलच. सगळ्या गावाने मिळून करा.