टकटक करणारा डबा

दीड टनाचा एसी. पण टन कसला? बर्फाचा! अमेरिकी टनभर, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी खोलीतून उपसणारा एसी एक टनाचा.

शेजारच्या स्टॅबिलायझरवर मात्र केव्हीए लिहिलेलं. दुकानदाराचा हिशोब तोंडपाठ असतो: एक टनाला ३, दीडला ४, दोनला ५. दीड टनाचा एसी चालताना सात-आठ अँपिअर घेतो आणि ४ केव्हीए म्हणजे २३० व्होल्टवर सतराएक अँपिअर. एवढी ऐसपैस जागा कशाला? कारण साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कित्येक पट करंट ओढतो.

या स्टॅबिलायझरच्या डब्यातून येणारी टकटक रिलेची, म्हणजे आपोआप बदलणाऱ्या स्विचची. आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीतून अधूनमधून टोकं काढलेली असतात. व्होल्टेज हललं की रिले टोक बदलतो. म्हणजे व्होल्टेज पायरीपायरीनं सुधारतं, अगदी नेमकं २३० क्वचितच मिळतं. एसीला तेवढं चालतं.

आता खरी गंमत. डबा वीज तयार करत नाही. लाइनला १५० व्होल्ट असताना एसीला २३० व्होल्टवर आठ अँपिअर द्यायचे, तर तो लाइनमधून बारापेक्षा जास्त अँपिअर खेचतो. त्यामुळे तारेतलं व्होल्टेज आणखी पडतं. तुमची खोली गार, शेजाऱ्यांचा पंखा मंद! शेजारीही मग स्टॅबिलायझर आणतात. एका डीपीवर (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर) असे दहा-वीस डबे जमले की काय होत असेल, ते संध्याकाळी डीम झालेल्या बल्बला विचारा.

लाइट गेली-आली की डबा तीनेक मिनिटं ढिम्म. बिघाड नव्हे, कॉम्प्रेसरमधल्या गॅसचा दाब सारखा व्हायला वेळ लागतो. दाबाविरुद्ध मोटर सुरू झाली तर अडकते, तापते.

हे डबे घराघरांत पोचवणाऱ्यांत कोचीचे कोचौसेफ चिट्टिलप्पिळ्ळी आहेत. वडिलांकडून घेतलेल्या एक लाख रुपयांवर त्यांनी १९७७ मध्ये व्ही-गार्ड ही स्टॅबिलायझर कंपनी सुरू केली.

घ्यायचा कोणता? आधी उन्हाळ्यातल्या रात्री, सगळ्यांचे एसी चालू असताना, वायरमनकडून व्होल्टेज मोजून घ्या. गावात शेतीपंप सुरू असतानाचा आकडाही हवा. तो १७०च्या वर राहत असेल तर १७० ते २७० व्होल्टचा साधा डबा पुरे. ९० ते ३०० वाल्यासाठी उगाच जादा पैसे मोजू नका. इन्व्हर्टर एसीवर ‘स्टॅबिलायझर-फ्री’ छापलेलं असलं, तरी खालची बारीक अक्षरं वाचा: किती ते किती व्होल्ट? शहरातल्या स्थिर लाइनवर बहुधा डब्याची गरजच नसते. पण न्यूट्रल तुटला तर घरात चारशेच्या आसपास व्होल्ट शिरू शकतात, म्हणून हाय-व्होल्टेज कट-ऑफ असलेला बरा.

आणि विजेचं बिल तो कमी करत नाही. उलट नुसता चालू ठेवला तरी थोडी वीज स्वतःच खातो. एसी बंद असेल त्या महिन्यांत भिंतीवरचं बटणही बंद करा.