बुडीत बोगदा : पोलाद व काँक्रीट यांची संयुक्त रचना

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्हा समुद्रापासून दूर असला, तरी पाण्याच्या ऊर्ध्वदाबाचा धडा त्याला घरीच मिळालेला आहे. अकोले तालुक्यात प्रवरेवर बांधलेले भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले. सुमारे ८२ मीटर उंचीचे हे दगडी धरण स्वतःच्या वजनाच्या बळावर पाणी अडविते. १९६९ साली त्याच्या बांधकामात तडे जाऊन गळती वाढली व पुढे खालच्या अंगास आधार देऊन ते बळकट करावे लागले. सांध्यांत व तड्यांत शिरलेले पाणी बांधकामास वर उचलू पाहते आणि तेवढ्या प्रमाणात त्याचे उपयोगी वजन घटते. वजन व पाणी यांच्यातील हाच झगडा समुद्राखालील बुडीत बोगद्यात अधिक तीव्र होतो. कारण तेथे बांधकाम चोहोंकडून पाण्याने वेढलेले असते.

बुडीत बोगदा पोखरून काढावयाचा नसतो. प्रथम सागरतळाचा गाळ उपसून खंदक तयार करतात. बोगद्याचे लांब खंड किनाऱ्यावर बांधून त्यांची दोन्ही तोंडे तात्पुरत्या पडद्यांनी बंद करतात, ते तरंगत नेतात आणि खंदकात उतरवून एकमेकांस जोडतात. शेवटी त्यांवर माती व दगड यांचे आच्छादन घालतात.

यातील हिशेब मोठा नाजूक असतो. बाहेरून २० मीटर रुंद व १० मीटर उंच अशा खंडाची एक मीटर लांबी घेतली, तर ती २०० घनमीटर, म्हणजे सुमारे २०५ टन समुद्रजल बाजूस सारील. खंडाचे वजन दर मीटरला २०० टन ठेवले, तर तो पाण्यावर जेमतेम २५ सेंटिमीटर वर राहून तरंगेल. तोच खंड तळाशी कायम राहावा म्हणून त्याचे वजन २०५ टनांहून काही टक्के अधिक, समजा २१७ टन, करावे लागते. खंड बुडविताना आतील टाक्यांत पाणी भरतात व मागाहून त्याच्या जागी काँक्रीट ओततात. तरंगणे व बुडून राहणे यांतील अंतर एवढे थोडे असल्याने भिंतीच्या जाडीतील लहानशी चूकही महागात पडते.

सांधा जोडण्यासाठी मात्र पाण्याचा हाच दाब उपयोगी पडतो. नव्या खंडाच्या कडेस रबराची जाड पट्टी बसवून तो आधीच्या खंडास टेकवितात आणि दोन पडद्यांमधील पाणी उपसून काढतात. २० मीटर सरासरी खोलीवर वरील आकाराच्या खंडाच्या मोकळ्या तोंडावर सुमारे ४,००० टनांचा दाब असतो. तो खंडास पुढे रेटतो व रबर दबून सांधा जलाभेद्य होतो.

डेट्रॉइट नदीखालील १९१० सालच्या रेल्वे बोगद्यात पोलादी नळ्या व काँक्रीट यांचा एकत्र उपयोग झाला होता. अलीकडील रचनेत दोन पोलादी पत्रे समांतर ठेवून ते आडव्या-उभ्या पडद्यांनी बांधतात आणि मधल्या पोकळीत आपोआप पसरणारे काँक्रीट भरतात. पत्रेच साचा, सळई व जलरोधक आवरण अशी तिन्ही कामे करतात. पोलादी कवच जहाजबांधणीच्या कारखान्यात होत असल्याने कोरड्या गोदीवरील भार कमी होतो. वरच्या पत्र्याखाली हवा अडकून पोकळी राहणे व खाऱ्या पाण्याने पोलाद गंजणे, हे या रचनेचे दोन मुख्य धोके होत. चीनमधील शेंझेन-झोंगशान मार्ग ३० जून २०२४ रोजी खुला झाला. त्याच्या बोगद्यात अशा ३२ खंडांची सुमारे ५ किलोमीटरची रांग असून नेहमीचा खंड १६५ मीटर लांब व ४६ मीटर रुंद आहे.

महाराष्ट्रात मुंबई-अहमदाबाद जलदगती रेल्वेसाठी वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा सुमारे २१ किलोमीटरचा बोगदा योजिला गेला. त्यातील सुमारे ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून जातात. तेथे बुडीत पद्धत न स्वीकारता सुमारे १६ किलोमीटर यंत्राने व उरलेला भाग सुरुंग लावून खोदण्याचे ठरले. घणसोली ते शिळफाटा हा ४.८८ किलोमीटरचा भाग सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार झाला. खाडीत रोहित पक्ष्यांचे अभयारण्य व खारफुटी आहे. खंदकासाठी गाळ उपसला असता, तर त्यांना थेट उपद्रव झाला असता. शिवाय खाडीच्या दोन्ही अंगांस मार्ग जमिनीखालूनच जावयाचा असल्याने उथळ बुडीत बोगद्याचा मुख्य लाभ, म्हणजे आखूड चढ-उतार, येथे फारसा पदरी पडला नसता.

ज्या जागी तळ मऊ आहे, रस्ता रुंद हवा आहे आणि किनाऱ्यालगत मार्ग चटकन वर यावयाचा आहे, तेथे संयुक्त खंडांची पद्धत श्रेष्ठ ठरते. जेथे खंदक खणणेच वर्ज्य आहे, तेथे तिचे सर्व गुण निरुपयोगी होतात. म्हणून बोगद्याची पद्धत निवडताना रचनेच्या हिशेबाआधी तळाचा व त्यावरील जीवसृष्टीचा अभ्यास होणे अगत्याचे आहे.