घरी मुले किती? — कर्करोगग्रस्त आईवडिलांच्या डॉक्टरांची खरी परीक्षा

हळद शिजविण्याचे दिवस होते. कळमनुरी तालुक्यातील पस्तिशीची एक शेतकरी स्त्री स्तनातील गाठ दाखविण्यास पती व सासूबाईंसह माझ्याकडे आली. पुढील तपासणीत कर्करोगाचे निदान झाले. मी अहवाल समजावून सांगितला, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जाण्याचा सल्ला दिला, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी लागणारी कागदपत्रे लिहून दिली. आपले कर्तव्य पूर्ण झाले, असे मला वाटले.

काही आठवड्यांनी सासूबाई स्वतःचा रक्तदाब तपासण्यासाठी आल्या. उठता उठता म्हणाल्या, "डॉक्टर साहेब, नातू नीट जेवंना. झोपेत माझा पाय लागला म्हणून आईला गाठ आली, असं म्हणतोय. काय सांगू त्याला?"

मुलगा सात वर्षांचा होता. घरी लहान मुले आहेत का, हे मी विचारलेच नव्हते.

आमच्या पिढीच्या एमबीबीएस परीक्षेत वाढलेले यकृत हाताला लागते का, हे पाहिले जाई. दुःखद बातमी सांगता येते का, हे कोणी पाहिले नाही. संवाद हा स्वभावाचा गुण आहे, शिकण्याचा विषय नव्हे, असा समज होता. तो चुकीचा आहे. कर्करोगाची बातमी कशी द्यावी, याची सहा पायऱ्यांची ‘स्पाइक्स’ पद्धत 2000 साली प्रसिद्ध झाली: निवांत जागी बसणे, रुग्णाला काय ठाऊक आहे ते विचारणे, किती जाणून घ्यायचे आहे ते विचारणे, सोप्या शब्दांत सांगणे, भावनांना वाव देणे आणि पुढील मार्ग ठरविणे. आपल्या देशातही 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संवाद यांचे शिक्षण समाविष्ट झाले आहे.

हे कौशल्य मोजताही येते. रुग्णाची भूमिका करणाऱ्या व्यक्तीशी विद्यार्थ्याने कसे बोलावे, हे पाहून परीक्षक गुण देतात. स्कॉटलंडमध्ये तयार झालेल्या ‘केअर’ या दहा प्रश्नांच्या पत्रिकेत तर रुग्णच डॉक्टरांना गुण देतो: त्यांनी माझे म्हणणे पूर्ण ऐकले का, मला केवळ आजार न समजता माणूस म्हणून पाहिले का?

आपणही घरातील रुग्णासाठी ही पारख करू शकता. रुग्ण जर आई किंवा वडील असेल, तर पुढील प्रश्न मनाशी विचारा.

• घरी मुले किती, त्यांची वये काय, हे डॉक्टरांनी वा परिचारिकेने विचारले का?
• ते रुग्णाशी थेट बोलले, की केवळ नातेवाइकांशी?
• उपचारांच्या काळात मुलांना कोण सांभाळणार, याची चौकशी केली का?
• मुलांना काय सांगावे, हे रुग्णाच्या संमतीने सुचविले का?
• प्रश्न विचारण्यास पुन्हा येण्याची मुभा दिली का?

उत्तरे नकारार्थी आली, तरी लगेच डॉक्टर बदलू नका. गर्दीत राहून जाते, अनेकांना हे कधी शिकविलेलेच नसते. आपणच म्हणा, "डॉक्टर, घरी दोन लहान मुले आहेत. त्यांना काय सांगू?" एवढ्या वाक्याने माझे डोळे उघडले.

त्या दिवशी सुनेशी फोनवर बोलून, तिच्या संमतीने, सासूबाई आणि मी नातवाला सांगायचे शब्द ठरविले: "आईला कर्करोग नावाचा आजार झाला आहे. तो तुझ्यामुळे झालेला नाही. तो जवळ बसल्याने लागत नाही. औषधाने तिचे केस गळतील, ती थकेल. तेव्हा आजी तुझ्याजवळ असेल." ‘आई नक्की बरी होईल’ असे वचन मात्र द्यायचे नाही, हेही ठरले. मोडलेले वचन मूल विसरत नाही.

पुढच्या खेपेस सासूबाई सांगत होत्या, नातू आता आईला पाण्याचा तांब्या नेऊन देतो आणि रात्री तिच्याच कुशीत झोपतो.

तेव्हापासून माझ्या केसपेपरवर नाव, वय, गाव यांखाली एक ओळ वाढली आहे: घरी मुले किती?