पेशींचे परस्परसंदेश

शरीरातील असंख्य पेशी परस्परांस निरोप देतात, म्हणूनच शरीराचा व्यवहार सुरळीत चालतो. मज्जातंतू निरोप नेमक्या ठिकाणी पोचवितात. ग्रंथींतून स्रवणारी संप्रेरके मात्र रक्तातून दवंडीप्रमाणे सर्वत्र फिरतात. बीबीसारख्या गावात दवंडी साऱ्यांच्या कानी पडते, पण उठतो तो ज्याचे काम असेल तोच. तद्वतच ज्या पेशीजवळ तो संदेश ओळखणारा ग्राहक असतो, तीच पेशी त्यानुसार वागते.

स्वादुपिंडातून निघणारे इन्सुलिन स्नायूंच्या पेशींना रक्तातील साखर आत घेण्याचा निरोप देते. काही बालकांत इन्सुलिन तयार होणेच थांबते. मग साखर रक्तात साठते, मूत्रावाटे वाहून जाते आणि पेशी उपाशी राहतात. पूर्वी अशी बालके बहुधा दगावत. १९२२ साली टोरांटो येथे एका चौदा वर्षांच्या मुलास इन्सुलिन टोचण्यात आले, तेव्हापासून त्यांना जीवदान मिळू लागले.

एखादा विद्यार्थी पाण्यासाठी व लघवीसाठी वारंवार परवानगी मागत असेल, पोटभर जेवूनही वाळत असेल, तर शिक्षकांनी ती टाळाटाळ समजून शिक्षा करू नये. पालकांस बोलावून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात रक्तातील साखर तपासण्यास सांगावे. उलट्या, धाप वा गुंगी असल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात न्यावे.