पावणेचार मीटरचा रस्ता

फेब्रुवारी २०२१. मध्यरात्र उलटून गेली होती. धुळ्याकडून रावेरकडे निघालेला पपईचा ट्रक जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात किनगावजवळ उलटला. मालावर बसून घरी परतणारे पंधरा मजूर गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यातल्या तढेगावजवळ, समृद्धी महामार्गाच्या कामासाठी लोखंडी सळया आणि मजूर एकत्र घेऊन चाललेलं वाहन उलटलं. त्यात तेरा जण गेले. सहापदरी महामार्ग बांधायला आलेली ही माणसं गावाकडच्या रस्त्यावर संपली.

अशा बातमीत ठरलेलं एक वाक्य असतं: चालकाचं नियंत्रण सुटलं. पोलीसही चालकावर गुन्हा दाखल करतात, आणि बहुतेक वेळा त्याची चूक असतेही. पण मालावर माणसं बसवून गाडी रात्री निघते, तेव्हा अपघाताची निम्मी तयारी आधीच झालेली असते. माल भरायला आणि उतरवायला हात लागतात. मजुरांना परत सोडायला वेगळी गाडी करायची तर खर्च वाढतो, आणि मध्यरात्री एसटी मिळत नाही. मग ढिगावर ताडपत्री ओढायची आणि तिच्यावरच माणसं बसवायची. पपई काय किंवा सळई काय, घट्ट न बांधलेला माल वळणावर एका बाजूला सरकतो. मालाची उंची जेवढी जास्त, तेवढा गाडीचा तोल लवकर जातो. आधी वरची माणसं फेकली जातात, मग माल अंगावर येतो.

मागे राहिलेल्यांची फरफट विम्यापासून सुरू होते. मालवाहू गाडीत बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशा राणी खटल्यात स्पष्ट केलं. कायद्यात जागा आहे ती मालाच्या मालकाला, त्याच्या प्रतिनिधीला आणि गाडीमालकाच्या कामगारांना. त्यामुळे मेलेला मजूर नेमका कोणाचा कामगार होता, गाडीवाल्याचा, व्यापाऱ्याचा की मुकादमाचा, यावर वर्षानुवर्षं युक्तिवाद चालतात. रोजंदारीवर उचललेल्या माणसाकडे त्याचा कागद कुठून असणार?

आता रस्ता. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली आणि वाड्यावस्त्यांपर्यंत डांबर पोहोचलं. या योजनेतल्या एकपदरी रस्त्याची डांबरी रुंदी साधारण ३.७५ मीटर असते, आणि वाहतूक फार कमी असेल तिथे तर ३ मीटरच. नियमानुसार ट्रकची रुंदी २.६ मीटरपर्यंत असू शकते. दोन ट्रक समोरासमोर आले तर ५.२ मीटर हवेत. म्हणजे एकाने डांबर सोडून साईडपट्टीवर उतरायचंच. साईडपट्टीवर मुरूम भरून दाबलेला असेल तर निभावतं. काळ्या रानात पावसाळ्यानंतर ती खचते, डांबराची कड वीतभर वर राहते आणि एका बाजूची चाकं खाली गेली की उंच भरलेली गाडी तिकडेच कलते. दुचाकीवाल्याचं तर काही विचारूच नये. त्याला डांबरावर जागाच उरत नाही.

आणि रस्ता खराब का होतो? इथे पावसाला फार बोल लावला जातो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५०च्या दशकाच्या अखेरीला खास रस्ते बांधून त्यांवर रात्रंदिवस भरलेले ट्रक पळवले गेले. आसावरचा भार वाढला की रस्त्याचं नुकसान साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढतं, असं त्यातून दिसलं. भार दुप्पट तर नुकसान सोळापट. वीस टक्के जादा भरलं तरी नुकसान दुपटीवर जातं. भारत सरकारने २०१८ मध्ये मागच्या चार चाकांच्या एका आसावरची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. नवे महामार्ग ते पेलतीलही. पण ट्रक महामार्गावर जन्मत नाही, त्याची खेप कुठल्या तरी शिवारातून सुरू होते.

उसाच्या पट्ट्यात हे सगळं एकत्र येतं. चांगल्या हंगामात राज्यातले दोनशेच्या आसपास कारखाने दहा कोटी टनांहून अधिक ऊस गाळतात. एका खेपेला वीस टन धरले तरी या पन्नास लाख खेपा झाल्या, त्याही चार-पाच महिन्यांत. तोडलेला ऊस वाळत जातो, वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात, म्हणून थांबायला कोणाला वेळ नसतो. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, म्हणून ट्रॉली वरपर्यंत आणि दोन्ही अंगांनी बाहेर येईपर्यंत भरली जाते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. चढाला ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उचललं जातं, उताराला मागचं वजन ढकलत नेतं. केबिनमध्ये गाणी इतकी मोठ्याने चालू असतात की मागच्याचा हॉर्न ऐकू येण्याची आशाच सोडावी.

तरी खरा धोका चालत्या ट्रॉलीपेक्षा उभ्या ट्रॉलीचा. टायर फुटला, हूक तुटला, की ती जिथल्या तिथे सोडतात, मागे चार दगड मांडतात. मागचा दिवा नाही, असलेला रिफ्लेक्टर लोंबणाऱ्या वाढ्यांनी झाकलेला. ताशी ६० किलोमीटरने येणारा दुचाकीस्वार सेकंदाला जवळपास १७ मीटर कापतो. समोरून येणाऱ्याच्या दिव्याने डोळे दिपलेले असताना ट्रॉली तीस मीटरवर दिसली, तर हातात दोन सेकंदही उरत नाहीत. तेवढ्यात ब्रेक दाबायचं सुचतं. गाडी थांबायला त्याच्या पुढे आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. ट्रॉलीची मागची कड नेमकी छाती-डोक्याच्या उंचीला असते. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली दोन तृतीयांशांहून अधिक ग्रामीण भागात.

दर हंगामाच्या तोंडावर पोलीस आणि आरटीओ कारखान्याच्या आवारात ट्रॉल्यांना लाल पट्ट्या चिकटवतात, फोटो निघतात. पट्टी स्वस्त आहे आणि तिने जीव वाचतात, तेव्हा ते चालू राहावंच. पण जादा भाराचं काय? बाकीच्या मालात तो पकडायला गाडी अडवून वजन करावं लागतं. उसात तसं नाही. प्रत्येक खेप कारखान्याच्या काट्यावर तोलली जाते, वेळ, गाडीचा नंबर आणि टनांसह पावती निघते. कोणत्या गाडीने हंगामभर किती जादा ओढलं, हे पुराव्यासह कारखान्याच्या संगणकात असतं, आणि त्याच आकड्यावर वाहतुकीचं बिल निघतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार दंड सांगतं. चालवणाऱ्याला आणि चालवायला लावणाऱ्यालाही. गाळप परवाना दर हंगामाला साखर आयुक्तालय देतं. मर्यादेपेक्षा जास्त टनांचं वाहतूक बिल काढायचं नाही, एवढी अट त्या परवान्यात घातली, तर फडात ट्रॉली भरतानाच कोणीतरी हात आवरेल.