नऊ इंची ड्रमची जीप

विलीज जीपच्या चारही चाकांत नऊ इंच व्यासाचे ड्रम ब्रेक असत. दुसऱ्या महायुद्धातील ‘एमबी’ जीपचे हे ब्रेक नागरी वापरासाठी निघालेल्या ‘सीजे’ मालिकेतही तसेच राहिले. 1953 साली आलेल्या, उंच बॉनेटच्या सीजे-3बीमध्येही तेच होते. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने मुंबईत विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली. अमेरिकेत सीजे-3बी 1968 मध्ये बंद झाली, तरी आपल्याकडे ती पुढेही बनत राहिली. जुन्या चारचाकी-ड्राइव्हच्या गाड्यांत आपल्याकडे ब्रेक सुधारण्याचे काम या जीपचे पुष्कळदा निघते.

जेमतेम एक टनाची गाडी, अरुंद टायर आणि ताशी पन्नास-साठ किलोमीटरचा वेग, एवढ्यासाठी नऊ इंच पुरत होते. हिशेब बिघडला तो गाडीत बदल होत गेल्यामुळे. अनेक जीपमधले मूळ पेट्रोल इंजिन निघून तिथे डिझेल आले, टायर मोठे झाले आणि गाडी महामार्गावर ऐंशीने धावू लागली. वेग साठवरून ऐंशीवर गेला, की थांबवायची ऊर्जा सुमारे पावणेदोन पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. मोठा टायर आणखी घात करतो. चाकाची त्रिज्या वाढल्यामुळे तोच ब्रेक रस्त्यावर कमी जोराने लागतो.

ड्रम ब्रेक मुळात कमजोर नसतो. पेडल दाबले की मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइलवर दाब आणतो आणि व्हील सिलिंडरचे पिस्टन दोन शू ड्रमच्या आतल्या बाजूवर दाबतात. पुढे जाणाऱ्या गाडीत पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर आणखी आत ओढला जातो आणि पायाच्या जोराच्या मानाने जास्त धरतो. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नसताना जीप थांबते ती यामुळेच. मागच्या शूला ही मदत नसते, म्हणून विलीजमध्ये पुढच्या शूचे लायनर लांब आणि मागच्याचे आखूड असते. हे उलटे बसवलेली जीप सापडणे मुळीच दुर्मीळ नाही. ड्रमची खरी अडचण उष्णतेची. लांब घाट उतरताना ड्रम तापून फुगतो आणि शूपासून दूर जातो, लायनरचे घर्षण घटते आणि पेडल खाली खाली जाऊ लागते. शिवाय पाणी आणि चिखल आत शिरला की लवकर बाहेर पडत नाही.

म्हणून सुधारणेची पहिली पायरी नवे काही बसवण्याची नाही, आहे ते नीट करण्याची आहे. ‘जीपला ब्रेकच नाहीत’ या तक्रारीमागे पुष्कळदा गंजलेला व्हील सिलिंडर, आतून फुगलेली रबरी होज किंवा हब-सीलमधून लायनरवर झिरपलेले तेल-ग्रीस निघते. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर पहिला संशय या ग्रीसचाच धरावा. भिजलेले लायनर धुऊन चालत नाही, बदलावेच लागते. ड्रम लेथवर साफ करून घेता येतो, पण त्याचा व्यास मूळ मापापेक्षा साधारण 0.060 इंचाहून जास्त वाढू देऊ नये. ड्रम असा मोठा झाला, की मूळ गोलाईचा शू फक्त मधोमध टेकतो. त्यामुळे लायनर घासून त्या ड्रमच्या गोलाईशी जुळवून घ्यावे लागते. गॅरेजमध्ये हे काम सर्रास टाळले जाते आणि नव्या लायनरवरही गाडी धरत नाही. विलीजच्या ब्रेकमध्ये शूचे अंतर कॅम आणि अँकर पिन फिरवून लावतात. फीलर गेजने मोजताना अँकरकडच्या टोकाशी 0.005 इंच आणि सिलिंडरकडच्या टोकाशी 0.008 इंच सोडतात. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ती धूळ हवेच्या पाइपने उडवणे धोक्याचे आहे. ओल्या फडक्याने पुसावी.

दुसरी पायरी दुहेरी मास्टर सिलिंडर. मूळ सिलिंडर एकेरी आहे. एका चाकाचा पाइप फुटला, की चारही ब्रेक एकदम जातात. दुहेरी सिलिंडरमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांचे मार्ग वेगळे होतात. याने गाडी एक फूटही लवकर थांबत नाही, आणि कदाचित म्हणूनच लोक यावर खर्च करायला नाखूश असतात. तरीही पैसे एकाच कामापुरते असतील, तर ते इथेच घालावेत. मात्र सिलिंडरचा व्यास मनाला येईल तसा निवडून चालत नाही. व्यास मोठा घेतला तर ऑइल जास्त ढकलले जाते, पण त्याच पायाच्या जोरावर दाब कमी मिळतो आणि पेडल कडक होते.

त्यापुढे दोन वाटा आहेत. अमेरिकेत नंतरच्या जीपचे अकरा इंची ड्रम जुन्या जीपला लावण्याची पद्धत रूढ आहे. व्यासामुळेच ब्रेकचा जोर वीस-बावीस टक्के वाढतो, लायनर रुंद मिळते आणि गाडीचे रूपही बदलत नाही.

दुसरी वाट पुढे डिस्क बसवण्याची. तापलेली डिस्क पॅडपासून दूर जात नाही आणि पाणी लगेच झटकते. आपल्याकडे यासाठी महिंद्राच्याच नंतरच्या गाड्यांचे भाग वापरले जातात. पण डिस्कला ड्रमसारखी आपोआप ओढ नसते, त्यामुळे जास्त दाब लागतो आणि बूस्टर घ्यावा लागतो. बूस्टरला निर्वात पोकळी लागते. डिझेल इंजिन ती आपोआप देत नाही, वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. जीपचा मास्टर सिलिंडर पायाखाली, डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्याही खाली असतो. त्यामुळे ऑइल मागे उतरू नये म्हणून डिस्कच्या पाइपात सुमारे 2 पीएसआयचा व्हॉल्व्ह बसवतात. ड्रमसाठी हाच आकडा 10 पीएसआय आहे. मागचे ब्रेक पुढच्यांपेक्षा आधी लॉक होऊ नयेत म्हणून दाब वाटून देणारा व्हॉल्व्हही लागतो. ऐंशी इंची व्हीलबेसची आखूड जीप मागची चाकं लॉक झाली, की क्षणात आडवी फिरते. हँडब्रेकला या सगळ्याचा उपद्रव होत नाही. तो चाकात नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. कोरड्या डॉट-3 चा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सियस असतो, ओलावा शिरल्यावर तो 140 पर्यंत उतरतो. सिलिकॉनचे डॉट-5 यात मिसळू नये.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरफार मनाने करता येत नाहीत. त्यामुळे इंजिन किंवा अॅक्सल बदलण्याआधी आरटीओत विचारलेले बरे. पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची असेल, तर 2021 च्या नियमांनुसार तिची चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे बदल झालेले चालत नाहीत.

काम झाल्यावर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून हवा काढायला घेतात. मग मोकळ्या रस्त्यावर कमी वेगाने, मध्ये ब्रेक थंड होऊ देत, पुन्हा पुन्हा थांबून लायनर बसू देतात. शे-दोनशे किलोमीटरनंतर शूचे अंतर परत लावावे लागते.